बाबांचे बिल्ले आणि वहिनीचं पदक

तार इंग्रजीत होती आणि घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. नागपुरात तांडापेठेतल्या आमच्या घराची पुढची खोली हातमागानंच भरून गेलेली असे. बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते आणि त्यांच्या मागे भिंतीला टेकून वहिनी रहाटावर सुताच्या कांड्या भरत होती. पोस्टमन गेला तरी मी दारातच उभी राहिले.

"काय लिवलं हाये वं?" बाबांनी सुताचा धोटा हातात धरूनच विचारलं.

"दादा सापडत नाही म्हणे."

"सापडत नाही? म्हंजे काय? तो का सुई हाये, सापडत नाही म्हनाले?"

एकाहत्तरची लढाई संपून थोडे दिवस झाले होते. गल्लीत लोकांनी पेढे वाटले होते, आमच्याही घरी कुणीतरी दोन आणून दिले होते. दादा पश्चिमेकडच्या सरहद्दीवर होता. लढाईआधीच्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं आणि सुटी संपताच तो परत गेला. वहिनी उमरेडकडची, विणकरांच्याच घरची. नवऱ्याचा सहवास तिला मिळाला तो सुटीपुरता. त्यातले निम्मे दिवस पाहुण्यांत गेलेले. मी तारेचा अर्थ पुन्हा सांगितला तेव्हा तिच्या हातातला रहाट थांबला. ती रडली नाही. तिनं मला विचारलं, "बाई, त्यात मेले असं लिहिलं हाये काय?"

"नाही."

"मंग ठीक हाये," ती म्हणाली आणि रहाट पुन्हा फिरू लागला.

आमची आई मी लहान असतानाच गेलेली. दादाला बाबांनी स्वतःच्या हातानं जेवू घालून वाढवलं होतं. तार आली त्या आठवड्यापासून त्यांचं मागावर मन लागेना. ताणा लावलेला तसाच पडून राही. ते दादाचा फोटो घेऊन नागपूर स्टेशनवर जायचे. सरहद्दीवरून परतणाऱ्या मिलिटरीच्या गाड्या तेव्हा नागपूरवरून दक्षिणेकडे जात. इंजिन पाणी घेईपर्यंत जवान चहाला, संत्र्यांना खाली उतरत. बाबा धोतर सावरत एकेकाजवळ जाऊन फोटो पुढे करायचे. "भाऊ, हा माहा पोरगा. पाह्यला काय तुमी याले?" समोरचा पंजाबचा, मद्रासचा, कुमाऊंचा. त्याला काही कळायचं नाही. मग मी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगायची.

सगळे एकच विचारत, पलटण कोणती? मी नाव सांगायची, पण त्या नावाच्याही कितीतरी तुकड्या. फोटोत दादाच्या टोपीवरचा बिल्ला उजेड पडून पांढरा झालेला, त्यावरची निशाणी दिसत नव्हती. शेवटी दाढी वाढलेल्या एका हवालदारानं आपल्या पिशवीतून रंग गेलेला एक जुना बिल्ला काढला आणि बाबांच्या हातावर ठेवला.

"बाबाजी, ये रख लो. ऐसा जिसके सर पर दिखे, उससे पूछना. वो तुम्हारे लड़के की पलटन का होगा."

बाबांनी तो बिल्ला धोतराच्या सोग्यानं पुसला आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. परत येताना ते माझ्याशी बोलले, "आता सापडते." इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा काही बरं ऐकलं.

त्या बिल्ल्याचे लोक भेटलेही. पुढच्या काही महिन्यांत दादाच्या पलटणीचे दोघे-तिघे स्टेशनवर सापडले. एकानं दादाला ओळखलं. पण तो दुसऱ्या कंपनीत होता आणि त्या दिवशी फार मागे होता. तो म्हणाला, "आमच्यासोबत सुरुंग काढणारे होते, ते पुढे गेले होते. त्यांना विचारा." मग बाबांना सुरुंग काढणाऱ्यांचा बिल्ला हवा झाला. त्यांच्यातला एक भेटला. तो म्हणाला जखमींना उचलणाऱ्यांना माहीत असेल. मग त्यांचा बिल्ला. मग तोफांवरच्यांचा, मग ट्रक चालवणाऱ्यांचा. प्रत्येक माणूस बाबांना दुसऱ्या माणसाकडे पाठवत होता आणि बाबा प्रत्येकाकडून त्याची खूण मागून घेत होते, म्हणजे तसा पुन्हा कुणी दिसला तर चुकायला नको.

कामठीच्या छावणीत वर्दी शिवणारे शिंपी होते, त्यांच्याकडे ते जाऊ लागले. जरीपटक्याच्या बाजारात जुन्या पितळेची दुकानं होती, तिथे भंगारात आलेले पट्टे, बकलं, खांद्यावरची पितळी अक्षरं मिळत. बाबा तेही घेऊ लागले. घरी आणून चिंचेनं घासायचे. स्वतः विणलेलं एक लांब पांढरं कापड त्यांनी भिंतीवर टांगलं होतं, लाल काठाचं, कधीतरी नऊवारीसाठी लावलेलं पण अर्ध्यावर सोडलेलं. त्यावर ते एकेक बिल्ला टाचायचे. वाघ, हत्ती, कट्यारी, शिंग, पंख, तीन सिंहांची मुद्रा. पहिल्या पावसाळ्यातच पितळेभोवती कापडावर हिरवट डाग पडायला लागले.

वहिनीनं मागाचं काम हळूहळू आपल्या हातात घेतलं. माहेरी तिनं माग चालवलेला नव्हता, बायका फक्त कांड्या भरत. इथे ती खड्ड्यात उतरून बसली आणि शिकली. धोट्याचा आवाज बाबांच्या हातानं व्हायचा तसा येत नसे, मध्येच अडखळायचा. गल्लीतले लोक त्यावरून बोलायचे. ती कपाळावर ठसठशीत कुंकू लावून बसायची.

युद्धकैदी परत येणार अशी बातमी आली तेव्हा आमच्या घरात जणू कुणीतरी दिवा लावला. बाबांनी न्हाव्याकडे जाऊन दाढी केली. वहिनीनं लग्नातला शालू उन्हात टाकला. मी रेडिओवाल्या शेजाऱ्याकडे रोज जाऊन बसायची. कैद्यांची नावं सांगायचे, ती मी वहीत उतरवून घ्यायची. दादाचं नाव आलं नाही. रेडिओवर सगळी नावं सांगत नाहीत, असं बाबा म्हणाले. मग गाड्या आल्या. कैदेतून सुटलेले दोघे नागपुरात उतरले, त्यांच्या गळ्यात हार पडले, बँड वाजला. बाबा गर्दीतून घुसून त्यांच्यापर्यंत गेले. एकाच्या हातात त्यांनी तो फोटो कोंबला. त्या पोरानं बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. हारातलं एक झेंडूचं फूल बाबांच्या सदऱ्याला चिकटलं होतं, ते घरी येईपर्यंत तसंच होतं.

त्यानंतर सरकारनं दादाला मेलेला धरलं. तसं कळवलं. वहिनीचा भाऊ उमरेडहून तिला न्यायला आला.

बाबा दारात उभे राहिले. "काहून नेता तिले? तिचा नवरा येनार हाये."

"मामाजी," बहिणीच्या सासऱ्याला तोही तिच्यासारखंच म्हणायचा, "दोन वर्षं होऊन राहिली. सरकारच म्हन्ते..."

"सरकारनं पाह्यलं काय त्याले मरताना? कोनी पाह्यलं? एक मानूस आना जो म्हनन मी पाह्यलं. मंग न्या." आणि मग एकदम आवाज चढवून, "माह्या पोराले तुमी सगळे मिळून मारून राहिले!"

वहिनीचा भाऊ तिच्याकडे पाहत होता. ती म्हणाली, "मी राह्यते अजून." तो एकटाच परत गेला.

ती का राहिली हे मी तिला पुढे विचारलं. ती म्हणाली, मी गेली असती तर मामाजींनी त्याच दिवशी विहीर जवळ केली असती. आणि मग म्हणाली, मले बी वाटत होतं ना बाई, येतीन म्हून.

बाबांना पलटणीतले लोक मिळेनासे झाले. गाड्या कमी झाल्या. लढाई जुनी झाली. तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं की फौजेतून सुटलेले पुष्कळ लोक पोलिसात भरती होतात, रेल्वेच्या पोलिसात, राखीव दलात. मग ते पोलिसांच्या मागे लागले. टोपीचे बिल्ले, पट्ट्यांवरचे नंबर, होमगार्डच्या खुणा, जुन्या राजवटीतल्या पोलिसांची मुकुट असलेली बटणं. भिंतीवरचं कापड भरलं, दुसरं टांगलं. मी एव्हाना शाळेत मास्तरीण झाले होते. संध्याकाळी घरी आले की बाबा नसत, मग मी आल्या पावली त्यांना शोधायला निघायची.

एक दिवस रेल्वे पोलिसांच्या चौकीतून निरोप आला. मी आणि वहिनी धावत गेलो. आत टेबलावर बाबांची पिशवी रिकामी केलेली होती, लष्कराचे आणि पोलिसांचे बिल्ले, फिती, पट्टे असे पसरलेले. साहेबाचं म्हणणं होतं की म्हातारा तोतया शिपायांना सामान पुरवतो. बाबांना कोपऱ्यात उभं केलं होतं. गालावर बोटं उमटली होती. मी सगळं सांगितलं. शाळेचं नाव सांगितलं, दादाचं नाव सांगितलं, तारेचं सांगितलं. साहेब नरमला. तो बाबांना म्हणाला, "जा बाबा. पण पुन्हा दिसू नका."

बाबा हलले नाहीत. दाराजवळ उभ्या असलेल्या एका जमादाराच्या छातीवरच्या फितींकडे ते टक लावून पाहत होते. रंगीत फितींतली एक त्यांनी ओळखली होती.

"तुमी लढाईत होते काय गा?" ते त्याच्याकडे सरकले. "पश्चिमेले होते? माहा पोरगा..." आणि त्यांनी फोटोसाठी खिशात हात घातला.

ज्या चौकीत मार खाल्ला त्याच चौकीत. वहिनीनं तोंडात पदर कोंबला. जमादारानं फोटो पाहिला, मान हलवली आणि मला हळू आवाजात म्हणाला, "बाई, घरीच ठेवा यांना."

घरी कसं ठेवणार? एकदा कडी लावली तर त्यांनी दारावर डोकं आपटलं.

त्या चौकीच्या भानगडीतून मात्र एक झालं. त्याची बातमी पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या कानावर गेली. प्रताप नगरात त्यांचा नवा बंगला होता. त्यांना जुनी पदकं, बिल्ले, तलवारींच्या मुठी जमवण्याचा नाद होता. एका रविवारी ते स्कूटरवरून आमच्या गल्लीत आले, वाकून आत शिरले आणि भिंतीसमोर उभे राहिले. चष्मा काढून त्यांनी अगदी जवळून पाहिलं. काही बिल्ले आपण आयुष्यात पहिल्यांदाच पाहत असल्याचं त्यांनी सांगितलं. मुकुटवाल्या एका बटणावर बोट ठेवून ते लहान पोरासारखे हसले.

"हे सगळं मला देता का?" त्यांनी विचारलं. "म्हणाल ते देईन."

बाबा म्हणाले, "सगळं घेऊन जा साहेब. दोन्ही कापडं घेऊन जा. मले एक मानूस आनून द्या. माह्या पोराले ज्यानं अखेरचं पाह्यलं असा."

त्यांचं हसू गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मागावर बसलेल्या वहिनीकडे, तिच्या कुंकवाकडे. पलटणीचं, कंपनीचं विचारून घेतलं आणि चहा न पिता निघाले.

त्याच हिवाळ्यात दुसरी गोष्ट घडली. त्या लढाईची पदकं निघाली होती आणि कामी आलेल्यांच्या घरच्यांना ती कामठीला द्यायची होती. आमच्याकडेही बोलावणं आलं. पदक पत्नीनं स्वीकारायचं होतं. मी वाचून दाखवलं आणि बाबा उठून उभे राहिले.

"ते पदक ह्या घरात येनार नाही."

गावोगावची पितळ घरात आणणारा माणूस. शिपायाच्या तुटक्या बटणासाठी उन्हातान्हात फिरणारा. "बाबा," मी म्हटलं, "दादाचं आहे ते. त्यानं मिळवलेलं."

"मेलेल्याचं हाये. घेतलं म्हंजे मेला म्हून कबूल केलं आपन."

वहिनी मागाच्या खड्ड्यातून वर आली. इतक्या वर्षांत ती बाबांसमोर कधी डोक्यावरचा पदर सरकू देत नसे, त्या दिवशी पदर खांद्यावर होता आणि तिचं लक्ष नव्हतं.

"मामाजी, मले एक सांगा. मी कोन हाये?"

ती बाबांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"हळदीकुंकवाले बायका बोलावत नाहीत. विधवा म्हनावं तं कपाळावर कुंकू हाये. माह्या मांगून लग्न झालेल्या पोरींची पोरं शाळेत जाऊन राहिली. मी ह्यांची वाट पाह्यली. तुमी म्हनान तं अजून पाहीन. पन मले कोनीतरी सांगा ना, मी कोनाची वाट पाहून राहिली?" तिचा आवाज फाटला. "तुमी एवढे बिल्ले आनले. त्यातल्या एका तरी मानसानं म्हटलं काय, जिता पाह्यला म्हून?"

बाबा वळले. ते भिंतीकडे तोंड करून कापडावरचे बिल्ले एकेक करून चाचपत राहिले. मी वहिनीला पाणी दिलं. तिनं ते प्यायलं नाही, तोंडावर मारलं.

प्रताप नगरचे गृहस्थ थोड्याच दिवसांनी पुन्हा आले. खापरखेड्याच्या वीज केंद्रावर पहारेकरी असलेला एक माणूस त्यांना सापडला होता. भंडाऱ्याकडचा. त्याच पलटणीचा, त्याच कंपनीचा. फार दिवस लष्करी दवाखान्यात होता, एक पाय गुडघ्याखाली लाकडी. त्यांनी त्याला दादाचं नाव विचारलं होतं. "त्यानं ओळखलं," एवढंच ते म्हणाले. पुढचं त्यांना ठाऊक होतं, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं नाही. बाबांनी मात्र तेवढ्यावरच टोपी घातली.

आम्ही तिघं बसनं गेलो. सगळीकडे कोळशाची बारीक राख, झाडांच्या पानांवर, घरांच्या पत्र्यांवर. कॉलनीच्या फाटकाजवळ पहारेकऱ्याची पत्र्याची खोली होती. तो माणूस खुर्चीवरून उठायला लागला, बाबांनी त्याला खांदा धरून बसवलं. वयानं दादाएवढाच, पण केस सगळे पिकलेले. त्यानं आम्हा दोघींसाठी बाकडं पुढे सरकवलं.

"तुमी त्याचे वडील?"

"हो गा बाप्पा. तू पाह्यला काय त्याले?"

"पाह्यला."

बाबांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "कुठं हाये?"

तो वहिनीकडे पाहत होता. ती म्हणाली, "सांगा भाऊ. आमी ऐकाले आलो."

त्यानं सांगितलं. फार लांबवलं नाही. पहाट झाली होती, धुकं होतं. ते एका नाल्याच्या काठानं पुढे सरकत होते. दादा त्याच्या पुढे, हाक ऐकू येईल एवढ्यावर. आदल्या दिवशी दादानं त्याला घरून पार्सलनं आलेला चिवडा दिला होता. मग तोफेचे गोळे यायला लागले. एक गोळा नेमका दादा होता तिथे पडला. धूर गेला तेव्हा तिथे खड्डा होता. यालाही त्याच गोळ्याचा तुकडा लागला. शुद्ध आली ती दवाखान्यात. त्या रांगेतलं दुसरं कुणी वाचलं नाही. "मी तिथल्या साहेबाले सांगतलं होतं," तो म्हणाला. "मले वाटलं घरी कळवलं असंन. प्रेत नव्हतं म्हून त्यायनं सापडत नाही असं लिवलं असंन, काय सांगू."

बाबा प्रश्न विचारत राहिले. तो दादाच होता कशावरून? धुक्यात चेहरा दिसला काय? खड्ड्याच्या पलीकडे पळाला नसेल काय? बेशुद्ध होऊन तिकडच्यांच्या हाती लागला नसेल काय? तो माणूस प्रत्येक प्रश्नाला शांतपणे उत्तर देत होता आणि प्रत्येक उत्तरागणिक बाबांचा आवाज बारीक होत होता.

"तू खोटं बोलून राहिला," शेवटी बाबा म्हणाले.

"खोटं बोलाचं असतं काका, तं जिता पाह्यला म्हून सांगतलं असतं."

बाबा खाली बसले. जमिनीवर, राखेत. त्यांनी त्याचा लाकडी पाय धरला.

"मंग तसंच म्हन गा. एक डाव म्हन. मी कोनाले सांगनार नाही. जिता पाह्यला म्हून एक डाव म्हन."

त्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यानं तोंड उघडलं. मला वाटलं तो म्हणणार. मलाही वाटत होतं की त्यानं म्हणावं, हे मी लपवत नाही. पण वहिनी बाकड्यावरून उठली.

"नोका म्हनू भाऊ," ती म्हणाली. "तुमच्या पाया पडते. नोका म्हनू."

परतीच्या बसमध्ये बाबा दोघींच्या मध्ये बसले होते. वहिनी खिडकीबाहेर पाहत होती. तिनं रस्त्यात काही केलं नाही, कुंकू पुसलं नाही, बांगड्या काढल्या नाहीत. घरी येऊन तिनं स्वयंपाक केला आणि आम्हा दोघांना वाढलं. मग मागच्या दारी न्हाणीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तिच्या रडण्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मी दारापाशी उभी राहून नुसती "वहिनी, वहिनी" करत होते. आतून ती म्हणाली, "रडू दे ना वं मले."

कामठीला आम्ही दोघीच गेलो. मैदानात खुर्च्या मांडल्या होत्या. बऱ्याच बायका होत्या, कुणाच्या शेजारी मोठी झालेली पोरं. नाव पुकारलं तेव्हा वहिनी सरळ चालत गेली. अधिकाऱ्यानं तिला सलाम केला, तर ती गोंधळून नमस्कार करायला वाकली. परत येऊन तिनं डबी माझ्या हातात दिली. पदकाच्या कडेला बारीक अक्षरं कोरलेली होती. तिनं विचारलं, "काय लिहिलं हाये?" मी दादाचा नंबर आणि नाव वाचून दाखवलं. तिनं अंगठा त्या अक्षरांवरून फिरवला, पुन्हा फिरवला.

बाबांना तिनं ते विचारून दाखवलं. "पाहाचं हाये काय मामाजी?" त्यांनी हात पुढे केला. कुठलाही बिल्ला पाहायचे तसंच त्यांनी ते पाहिलं. वजन अजमावलं, उलटं केलं, फितीचा पोत चिमटीत धरून पाहिला. मग कडेवर नख फिरवलं.

"नाव बरोबर हाये काय वं?" त्यांनी मला विचारलं.

"हो बाबा."

"नंबर?"

"तोच आहे."

"मंग चुकून धाडलं असं बी म्हनता येत नाही," ते म्हणाले आणि पदक वहिनीच्या हातात परत दिलं.

मला वाटलं होतं, आता संपलं. बाबा मागावर बसतील, आम्ही दादाचे दिवस करू. दिवस केले. भटजींनी सांगितलं ते सगळं बाबांनी केलं, पिंडालाही हात लावला. आणि त्याच आठवड्यात ते पिशवी घेऊन पुन्हा स्टेशनवर गेले. मी त्यांना अडवलं नाही. खापरखेड्याच्या माणसाचं त्यांनी ऐकलं होतं, त्याला खोटा म्हणणं त्यांनी सोडलं होतं. पण जायचं ते जायचंच. प्रताप नगरच्या गृहस्थांनी कापडांचा विषय पुन्हा कधी काढला नाही. दिवाळीला तेवढे भेटून जायचे.

पुढच्या वर्षी वहिनीच्या भावानं एक स्थळ आणलं. उमरेडकडचाच, बायको वारलेला, साधा माणूस. वहिनीनं मला विचारलं नाही, बाबांना विचारलं. त्यांच्यासमोर बसून, खाली मान घालून नव्हे, त्यांच्याकडे पाहत. बाबांनी आपल्या पायाच्या नखांकडे पाहिलं. मग म्हणाले, "जाय."

निघायच्या दिवशी तिनं माग झाडून काढला, उरलेल्या कांड्या टोपलीत रचल्या. पदक ती घेऊन चालली होती, नव्या घरच्यांनी त्याला ना म्हटलं नव्हतं. ती बाबांच्या पाया पडली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही.

"तो आला तं त्याले काय सांगू?" बाबांनी विचारलं.

तिचा भाऊ दारात चुळबूळ करत होता. वहिनी वाकलेलीच राहिली, बाबांचा हात डोक्यावर घेऊन.

"लय दिवस वाट पाह्यली म्हना," ती म्हणाली. "तेवढंच सांगजा."

ती गेल्यावर घरातला मागाचा आवाज कायमचा थांबला. बाबा पुढे पुष्कळ वर्षं जगले आणि पाय चालत होते तोवर जात राहिले. ते गेल्यावर मी दोन्ही कापडं उतरवून घडी करू लागले, तर घडी होईना, पितळेनं कापड जड झालं होतं. कुठला बिल्ला कुणी दिला, त्याचं गाव कोणतं, त्याच्या घरी कोण होतं, हे बाबांना तोंडपाठ असे. फौजेतला एखादा पोरगा आपल्या आईबद्दल जे बोलला तेही त्यांच्या लक्षात असे. मी त्यांना कधी विचारून ठेवलं नाही. आता कुणी पाहायला आलं तर मी वाघ दाखवते, कट्यारी दाखवते, आणि ते विचारतात हा कुणाचा, तेव्हा मला माहीत नाही म्हणून सांगते.